साहेबांच्या केबिनबाहेरचे पोलीस खाते

रत्नागिरीत नवे पोलीस अधीक्षक रुजू झाले की आठवडाभरात आपल्या जमातींची शिष्टमंडळे त्यांच्या भेटीला जातात. शाल, पुष्पगुच्छ, एक निवेदन, एक फोटो. संध्याकाळपर्यंत तो फोटो राजिवड्यापासून साखरतरपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतो. रमजानमध्ये इफ्तारला साहेब आले, ईदला शुभेच्छा द्यायला आले, तर त्याचाही फोटो निघतो. यात वाईट काही नाही. संबंध असायलाच हवेत. पण त्या फोटोत उभ्या असलेल्या आपल्या माणसांना विचारून बघा, तुमच्या मोहल्ल्याचा बीट अंमलदार कोण? गोपनीय शाखेचे काम कोण बघतो? पासपोर्टच्या चौकशीचे कागद कोणाच्या टेबलावर असतात? दहातल्या आठांना सांगता येणार नाही.

आपल्या कुटुंबांचे पोलिसांशी जे खरे काम पडते, ते नव्वद टक्के या दुसऱ्या माणसांशीच पडते. म्हणून पोलीस खात्यात नेतृत्व कोण करते आणि त्या नेतृत्वाला खालून आधार देणारी माणसे कोण, हे नीट समजून घ्यायला हवे. आपण फक्त साहेबांकडे बघतो आणि खाते तिथेच संपते असे समजतो. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजतो. एक, ठाण्यात काम पडले की घाबरतो किंवा एजंट शोधतो. दोन, आपली मुले त्या खात्यात जातच नाहीत.

रत्नागिरीची रचना

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे. रत्नागिरीत नाही. इथे शहर आणि गावे मिळून सगळ्या जिल्ह्याचे एक पोलीस दल आहे आणि त्याचे प्रमुख जिल्हा पोलीस अधीक्षक, म्हणजे आपण ज्यांना ‘एसपी साहेब’ म्हणतो ते. त्यांच्या वर कोकण परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक, जे नवी मुंबईत बसतात. अधीक्षकांच्या खाली अपर पोलीस अधीक्षक, मग उपविभागीय पोलीस अधिकारी, मग प्रत्येक ठाण्याचे प्रभारी अधिकारी. रत्नागिरी शहर पोलीस ठाण्यासारख्या मोठ्या ठाण्यात हे प्रभारी पोलीस निरीक्षक दर्जाचे असतात. त्यांच्या हाताखाली सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक, आणि मग सहायक फौजदार, हवालदार, शिपाई.

आयुक्तालय असणे आणि नसणे यात एक महत्त्वाचा फरक आहे. आयुक्तांकडे दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार असतात. आपल्याकडे ते जिल्हाधिकारी आणि महसूल खात्यातील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहेत. म्हणजे जमावबंदीचा आदेश निघाला तर त्यावर सही जिल्हाधिकाऱ्यांची असते, अंमल पोलीस करतात. हे माहीत नसले की माणूस चुकीच्या दारात जाऊन बसतो. जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदरातील बांधकामे हटवली गेली, तेव्हा समोर दिसत होते ते पोलीस. पण कारवाई मत्स्यव्यवसाय विभागाची होती आणि पोलिसांकडे बंदोबस्त होता. बंदोबस्तावरच्या शिपायाशी वाद घालून तो निर्णय बदलणार नव्हता. दाद मागायची जागा दुसरी होती.

साहेब दोन वर्षांचे, अंमलदार आयुष्याचा

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांबाबत निकाल दिला. जिल्ह्याचे अधीक्षक आणि ठाण्याचे प्रभारी यांना किमान दोन वर्षे एका जागी ठेवा, सरकारच्या मनात आले म्हणून बदली नको, असे त्यात एक कलम होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात बदल करून बदल्यांच्या मुदती ठरवल्या. उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याला एका ठाण्यात साधारण दोन वर्षे, एका जिल्ह्यात चार वर्षे. शिपाई, हवालदार यांना एका नेमणुकीवर साधारण पाच वर्षे.

आता याचा हिशेब करा. अधीक्षक दोन-तीन वर्षांत जाणार. निरीक्षक चार वर्षांत जिल्ह्याबाहेर. पण शिपाई हा जिल्ह्याच्या दलात भरती होतो आणि बहुतेक वेळा त्याच जिल्ह्यात निवृत्त होतो. शहर ठाण्यातून ग्रामीणला, तिथून जयगडला, पूर्णगडला, परत मुख्यालयात, असा तो फिरत राहतो. तीस वर्षे तो इथलाच. कोणत्या मोहल्ल्यात कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोणत्या रस्त्यावर मिरवणूक अडते, कोणाचा शब्द जमातीत चालतो, हे त्याच्या डोक्यात असते. नवा अधिकारी रुजू झाला की तो याच माणसाला विचारतो, “हा एरिया कसा आहे?”

त्या प्रश्नाचे उत्तर काय दिले जाते, त्यावर आपल्या मोहल्ल्याची ओळख ठरते. पुष्पगुच्छावर ठरत नाही. आणि ते उत्तर देणारा माणूस आपल्याकडे कधी चहा प्यायला आलेला नसेल, फक्त भांडणाच्या वेळी आलेला असेल, तर तो भांडणाचेच सांगणार. त्यात त्याचाही फार दोष नाही.

ठाण्यात गेल्यावर कोण भेटतो

ठाण्यात शिरल्यावर समोर बसलेला असतो तो ठाणे अंमलदार. बहुतेक वेळा हवालदार किंवा सहायक फौजदार. तुमची तक्रार पहिल्यांदा ऐकणारा, डायरीत नोंद करणारा, तक्रार कोणत्या स्वरूपाची आहे हे सुरुवातीला ठरवणारा तोच. आत बारनिशी असते, म्हणजे आवक-जावकचे टेबल. तुम्ही दिलेल्या अर्जावर शिक्का आणि तारीख इथे पडते. मुद्देमालाचे काम बघणारा वेगळा. समन्स-वॉरंट घेऊन फिरणारा वेगळा. गुन्ह्याचा तपास उपनिरीक्षक, सहायक फौजदार किंवा हवालदाराकडे दिलेला असतो, त्याचे नाव आणि मोबाइल नंबर तुमच्याकडे असायलाच हवा. अर्जाची पोच न घेता घरी येणे आणि “साहेबांना भेटून आलो” म्हणून समाधान मानणे, हे आपल्याकडे फार चालते. तीन महिन्यांनी विचारायला गेलात तर कोणता अर्ज, कधीचा अर्ज, येथून सुरुवात.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सामान्य माणसाच्या कामाच्या काही गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेक या खालच्या टेबलांशी जोडलेल्या आहेत. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला तरी तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही, तर मजकूर लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठपर्यंत आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांत कळवायचे आहे.

आणखी एक तरतूद आपल्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदार किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक नेमलेला अधिकारी असला पाहिजे, ज्याच्याकडे अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती असेल. अटक झाल्यावर नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. साठीच्या पुढचा माणूस असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. मुलाला रात्री उचलून नेले आणि सकाळपर्यंत घरचे चार ठाणी फिरत राहिले, ही वेळ ज्या घरावर आली असेल त्यांना या एका नेमलेल्या अधिकाऱ्याचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

आता पासपोर्टचे बघा. कोकणी मुस्लिम घर म्हटले की कोणी ना कोणी दुबई, कुवेत, कतार, सौदीला असतोच. पासपोर्टची पोलीस पडताळणी, परदेशी नोकरीसाठी लागणारा पोलीस क्लिअरन्सचा दाखला, यासाठी आपले जितके लोक ठाण्याशी संबंधित येतात, तितके गुन्ह्याच्या कामासाठी येत नसतील. घरी चौकशीला येणारा अंमलदार कागद बघतो, पत्ता बघतो, अहवाल वर जातो. या भेटीसाठी त्याला काही देणे लागत नाही. शासनाची फी तुम्ही अर्ज करतानाच भरलेली असते. तरीही “तसा रिवाज आहे” म्हणून पाकीट देणारे आपल्यातच आहेत. एकाने दिले की पुढच्या दहा घरांचा रिवाज होतो. मग त्याच पोलिसांच्या नावाने आपण जुम्म्यानंतर मशिदीबाहेर गप्पा मारतो.

राजापूर आणि मिलाद

नेतृत्व आणि खालची फळी, दोन्ही एकाच वेळी कशी लागते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राजापूरला शिमग्यात होळीचे झाड घेऊन मिरवणूक मशिदीसमोरून जाते आणि झाड मशिदीच्या पायरीला टेकवण्याची जुनी प्रथा आहे. मार्च २०२५ मध्ये त्या वेळी घोषणाबाजी झाली, मशिदीच्या गेटापाशी गोंधळ झाला आणि त्याचा व्हिडिओ ‘मशिदीवर हल्ला’ म्हणून काही तासांत देशभर गेला. तेव्हाचे पोलीस अधीक्षक धनंजय कुलकर्णी यांनी पुढे येऊन सांगितले की हल्ला झाल्याचा दावा खरा नाही, ही जुनी प्रथा आहे, आणि ज्यांनी घोषणा दिल्या, गोंधळ केला त्यांच्यावर गुन्हा नोंदवला आहे.

त्या खुलाशावर आपल्यात दोन मते होती आणि आहेत. काहींना वाटते की गोष्ट सौम्य करून सांगितली. काहींना वाटते की त्यामुळेच आग पसरली नाही. मला इथे वेगळा मुद्दा मांडायचा आहे. जिल्ह्याच्या प्रमुखाने लगेच बोलणे, अफवेला तोंड देणे आणि त्याच वेळी गुन्हा दाखल करणे, हे नेतृत्वाचे काम. ते साहेबांशिवाय कोणी करू शकत नाही. पण त्या रात्री मिरवणुकीत पुढे कोण असेल, बाहेरून कोणती पोरे येणार आहेत, गेट उघडे ठेवायचे की बंद, पायरीपाशी दोन्हीकडची जुनी माणसे उभी राहतील का, हे प्रश्न आठ दिवस आधी सुटायचे असतात. ते सोडवतो ठाण्याचा बीट अंमलदार आणि गोपनीयचा माणूस, गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन. जिथे हे काम आधी झालेले असते तिथे साहेबांना खुलासा करावाच लागत नाही, आणि म्हणून त्याची बातमीही होत नाही.

अशी बातमी न झालेली उदाहरणे भरपूर आहेत. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. २०२४ आणि २०२५ मध्ये एका दिवसाच्या फरकाने आली. तिन्ही वर्षी राज्यात मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने मिलादचे जुलूस स्वतःहून पुढे ढकलले. बातमीत नाव आले मोठ्या नेत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे. पण गावोगावी ते जमले शांतता समितीच्या बैठकांत, ज्या बोलावतो ठाण्याचा अधिकारी आणि ज्यांचे निरोप घरोघर पोहोचवतो एखादा हवालदार. आपल्या तरुण मंडळांनीही त्यात मोठे मन दाखवले, तेही नोंदवले पाहिजे.

भिवंडीचा धडा

हे सगळे हवेतले बोलणे नाही. महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. १९८४ च्या दंगलीत भिवंडी होरपळली होती. त्यानंतर १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. कल्पना साधी होती. वस्ती-वस्तीत हिंदू-मुस्लिम दोन्हीकडची साधी माणसे एकत्र बसतील आणि त्यांच्याबरोबर असेल त्या भागाचा पोलीस कर्मचारी. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, भोंग्याची कुरबूर, लहान असतानाच मिटवायची. राजकीय पुढाऱ्यांवर आणि मोठ्या साहेबांवर अवलंबून राहायचे नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

खोपडे साहेबांचे नेतृत्व होतेच. पण ते नेतृत्व कशात होते? हवालदाराला महत्त्व देण्यात. बंदोबस्ताला उभा राहणारा माणूस, वर्दीतला प्यादा, असे त्याला न वागवता त्याच्या भागाची जबाबदारी त्याच्यावर टाकली आणि लोकांना त्याचे नाव माहीत करून दिले. चांगल्या अधिकाऱ्याची हीच ओळख आहे. आपल्या शाळांतही तेच असते. मुख्याध्यापक कितीही हुशार असो, क्लार्क आणि शिपाई यांना विश्वासात घेतले नाही तर दहावीचा एक फॉर्मही वेळेत जात नाही.

खात्यात आपण किती?

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात पोलीस शिपायांमधील मुस्लिमांचे प्रमाण फक्त सहा टक्के सांगितले होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या ११.५४ टक्के. पोलिसांत कोणत्या धर्माचे किती, ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी छापत असे. २०१३ नंतर तीही बंद झाली. म्हणजे आता मोजमापही नाही.

आपण वरच्या नावांचा अभिमान बाळगतो. हसन गफूर मुंबईचे पोलीस आयुक्त होते. २०१५ मध्ये अहमद जावेद आयुक्त झाले, पुढे सौदी अरेबियात भारताचे राजदूत झाले. अभिमान जरूर असावा. पण २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. त्या रात्री आयुक्त होते हसन गफूर, आणि पुढे राम प्रधान समितीने त्या वेळच्या नेतृत्वावर बोट ठेवले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला घट्ट धरून ठेवणारे आणि गोळ्या झेलणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते. देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. वरच्या खुर्चीत आपल्या नावाचा माणूस असणे आणि खाते खालपर्यंत मजबूत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुसरीत भाग हवा.

“ज्या खात्याने आपल्यावर अन्याय केला, तिथे मुले कशाला पाठवायची?” हा प्रश्न घरात विचारला जातो आणि तो खोटा नाही. मुंबई दंगलीच्या चौकशीत श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला होता, आणि त्यानंतर काय झाले हे सगळ्यांना माहीत आहे. ती जखम आहे. पण त्या जखमेचे उत्तर खात्यापासून लांब राहणे असेल, तर पुढच्या पिढीलाही तेच खाते मिळेल. ठाण्यात आपली भाषा समजणारा, निकाह-तलाकच्या तक्रारीत घरची रीत समजणारा, ताजिया आणि मिलादमधला फरक न विचारता जाणणारा एक जरी अंमलदार असला, तरी वातावरण बदलते. तो आपल्या बाजूने खोटे बोलेल म्हणून तो नको आहे. तो कायद्यानेच वागेल, आणि तेवढे पुरे आहे.

पालकांचे दुसरे प्रश्नही आहेत. दाढीचे काय? राज्य राखीव पोलीस बलातील एका मुस्लिम जवानाची दाढी ठेवू देण्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली आणि तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्याला या नोकरीत जायचे आहे त्याने हे आधी समजून, घरात बोलून निर्णय घ्यावा. लपवून ठेवण्यासारखे त्यात काही नाही. मुलींचे काय? भरतीत महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा जबाब महिला पोलिसानेच घ्यायचा असतो. आपल्या एखाद्या बहिणीला ते सगळे उर्दूत किंवा कोकणी बोलीत सांगता आले, तर ती निम्मे ओझे ठाण्यातच उतरवून येईल. सारा रिझवी या महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरातल्या मुलीने २००८ च्या तुकडीतून आयपीएस होऊन दाखवले. शिपाई होणे त्याहून कठीण नाही.

भरतीचे गणित

शिपाई भरतीला बारावी पास लागते. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. आधी मैदान, ५० गुणांचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतूनच लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची. अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. खुल्या गटाला वयाची मर्यादा साधारण २८, मागासवर्गीयांना ३३. आपल्यातील ज्या जाती ओबीसी यादीत आहेत त्यांनी दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आधीच काढून ठेवायचे. ऐन वेळी तहसीलच्या रांगेत उभे राहून काही होत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना मला दिसते की मैदानावर आपली मुले कमी नाहीत. बंदरावरची, वाडीतली पोरे काटक असतात. अडतात ती मराठी व्याकरणात. समास, प्रयोग, वाक्प्रचार, शुद्धलेखन. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, आणि मराठी म्हणजे फक्त एक विषय, पास होण्यापुरता. गणित येणारा मुलगा व्याकरणात मागे पडतो आणि यादीबाहेर जातो. शिवाय रत्नागिरीच्या जागांसाठी घाटावरून, मराठवाड्यातून तयारी करून आलेली मुले असतात. त्यांच्या गावात अकादमी आहे, पहाटे मैदानावर शंभर पोरे धावतात. ती मेहनत करतात आणि जागा घेतात, त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

शिपाई म्हणून लागला म्हणजे आयुष्यभर शिपाई, असेही नाही. २०२२ मध्ये राज्याने पोलीस नाईक हे मधले पद रद्द केले, त्यामुळे हवालदार आणि सहायक फौजदारपदाचा रस्ता जवळ आला. खातेंतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक होता येते. आणि खाकी म्हणजे फक्त शिपाईही नाही. चालक, बॅण्ड, बिनतारी संदेश, अंगुलीमुद्रा, सायबर शाखा, अधीक्षक कार्यालयातील लिपिक, अशी आधाराची कितीतरी पदे आहेत. आयटीआय झालेला, संगणक येणारा मुलगा फक्त गल्फच्या व्हिसाची वाट बघत बसतो, त्याला ही नावेही कोणी सांगितलेली नसतात. होमगार्ड, किनाऱ्यावरच्या गावांतली सागर रक्षक दले, गावचा पोलीस पाटील, या वाटा तर घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

काय करता येईल

जमातींनी साहेबांना भेटणे थांबवू नये. पण भेटीत निवेदनाबरोबर तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक मोहल्ल्याच्या बीट अंमलदाराचे नाव आणि ठाण्याचा नंबर लिहून द्या, तो आम्ही मशिदीच्या आणि मदरशाच्या फलकावर लावतो. शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या दिवशी न घेता दोन-तीन महिन्यांनी नियमित घ्या, आणि त्यात तीच ती पाच माणसे न बोलावता तरुण आणि महिलाही बोलवा. अटकेची माहिती देणारा नेमलेला अधिकारी कोण, हे ठाण्यात ठळक लावा. यातली एकही मागणी विशेष सवलत नाही. आणि जिथे अन्याय झाला तिथे गप्पही बसू नये. २०१४ च्या बदलानंतर कायद्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि विभाग पातळीवर प्राधिकरणांची तरतूद आहे. पुराव्यासह, तारखेसह, पोच घेऊन तिथे अर्ज करता येतो.

दुसरे काम आपल्या घरातले. अल्पसंख्याक विकास विभागाची पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. योजना येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. उर्दू शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात, मराठीचे शिक्षक गावात आहेत, निवृत्त हवालदार गावात आहेत, मैदान आहे. जमातीच्या वार्षिक खर्चात एका बॅचची पुस्तके आणि बूट सहज बसतात. मुलींसाठी पहाटेची वेळ आणि सोबत एक बाई असेल तर पालक पाठवतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. बातमी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर ती भरपूर फिरली, “फॉर्म भरा” म्हणून. पण फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात, सोळाशे मीटरचा दम आणि मराठीचे व्याकरण यायला वर्ष लागते. यंदा अकरावीत गेलेल्या मुलाने आणि मुलीने आजपासून सुरुवात केली, तर पुढच्या जाहिरातीच्या वेळी त्यांची तयारी झालेली असेल.